ठराव झाला, पुढे?

चि. नातीस,

तुझं पत्र पोचलं. २ डिसेंबरला तू आयुष्यातलं पहिलं मतदान केलंस. एक मत नगराध्यक्षासाठी, दोन प्रभागातल्या दोन जागांसाठी. २१ तारखेला निकाल लागला, गुलाल उधळून झाला, आणि आता तू विचारतेस, "आबा, यापुढे पालिकेत काय चाललंय हे मला कळणार कसं?" प्रश्न निकालानंतर लगेच पडला हे मला आवडलं. बऱ्याच जणांना तो पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर पडतो.

तुझ्या पिढीचं थोडं नुकसानच झालं आहे. आपल्या पालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली. मुदत संपण्याआधी नवी निवडणूक व्हावी असं राज्यघटनाच सांगते. पण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, प्रभागरचना कोणी करायची यावरून कायदे बदलले, तारखांवर तारखा पडल्या. मे २०२५ मध्ये न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्या, तेव्हा कुठे हालचाल झाली. तू अठरा वर्षांची झालीस तेव्हा गावात नगरसेवक नव्हतेच. होते ते सगळे माजी. सभागृहाचे अधिकार प्रशासकाकडे होते. ठराव तेव्हाही होत, पण सुचवणारा, अनुमोदन देणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस. काही कामं त्या काळात भराभर उरकली हे मान्य करायला हवं. पण हाच रस्ता का, त्या गल्लीतलं गटार आधी का नाही, असं उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं. नव्या सभागृहाने सगळ्यात आधी ती चार वर्षांची ठरावबुकं काढून वाचावीत असं मला वाटतं. ती वाचण्याचा हक्क तुलाही आहे. कसा, ते पुढे सांगतो.

नोकरीत माझी बरीच वर्षं सभा लिपिकाच्या टेबलावर गेली. विषयपत्रिका काढायची, नोटिसा पोचवायच्या, सभेत बसून टिपणं घ्यायची, इतिवृत्त लिहायचं. त्या अनुभवावरून तुला एकच गोष्ट सांगायची आहे. वर्तमानपत्रात 'पालिकेच्या सभेत अमुक कोटींच्या कामांना मंजुरी' असं वाचलंस की तिथून पुढे लक्ष द्यायला लाग. लोक त्या बातमीपाशी थांबतात, कारण काम झालं असं त्यांना वाटतं. ठरावापासून ठेकेदाराच्या शेवटच्या बिलापर्यंत मोठा प्रवास असतो आणि कामाचं बरंवाईट त्या प्रवासात ठरतं.

आधी घर कसं चालतं ते समजून घे. आपली पालिका 'ब' वर्गातली, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या वर आणि लाखाच्या आत. तिचा कारभार १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमावर चालतो. धोरण ठरवायचं ते निवडून आलेल्या सदस्यांनी, अंमल करायचा तो मुख्याधिकाऱ्यांनी. मुख्याधिकारी शासनाचा माणूस. बदली झाली की दुसऱ्या गावाला जातो. नगराध्यक्षाची निवड थेट लोकांनी करायची की नगरसेवकांनी, याबाबत सरकारं बदलली तसा कायदा बदलत आला. २०१६ मध्ये थेट, २०२० मध्ये नगरसेवकांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. थेट निवडीत कधी नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं होतं. मग एकाच गटाराचं श्रेय दोघे घेतात आणि ते तुंबलं की दोघांपैकी कोणीच सापडत नाही. तू तुझी तिन्ही मतं एकाच चिन्हाला दिलीस की वेगवेगळी, ते मी विचारत नाही. मात्र पुढची पाच वर्षं कोणाला काय विचारायचं हे तुला माहीत हवं. पैसे का मंजूर केले हे नगरसेवकाला विचारायचं. मंजूर झालेलं काम का अडलं हे मुख्याधिकाऱ्यांना विचारायचं. लोक नेमकं उलटं करतात, मग दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता सभा. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी सदस्यांना जावी लागते आणि सोबत विषयपत्रिका असते. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. हा विषय रटाळ समजून बहुतेक सदस्य तेव्हा चहा घेत असतात. पण मागच्या सभेत खरोखर काय बोललं गेलं आणि कागदावर काय आलं, यातला फरक पकडायची हीच वेळ. एकदा इतिवृत्त कायम झालं की कागदावरचंच खरं. शेवटचा विषय 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून बघ. अचानक आलेल्या पुरासाठी किंवा फुटलेल्या जलवाहिनीसाठी ही सोय योग्य आहे. पण विषयपत्रिकेवर नसलेला, कोणी आधी वाचलेला नसलेला आणि तरी बारीकसारीक तपशिलासह टाइप करून आणलेला विषय जेव्हा सभा उठायच्या घाईत मांडला जातो, तेव्हा त्याला ऐनवेळचा म्हणणं कठीण असतं.

सभा लोकांना खुली असते हे फारसं कोणाला ठाऊक नाही. अध्यक्षांनी एखाद्या विषयापुरती बंद ठेवली नाही तर कोणीही नागरिक जाऊन बसू शकतो. बोलता येत नाही, ऐकता येतं. मागच्या बाकांवर दहा माणसं नुसती बसलेली असली की सदस्यांची भाषा सुधारते आणि प्रश्नही वाढतात, हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेलं आहे.

सभेत कोण गप्प बसतं आणि कोण विरोध नोंदवतं, तेही बघ. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे नेमलेले सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागताच्या सजावटीवर हजार रुपये खर्च करायचा विषय आला. हे पैसे गरिबांच्या शिक्षणावर लावा, असं फुल्यांचं म्हणणं होतं. ठराव मंजूर झाला; विरोधात मत एकट्या फुल्यांचं. खर्च व्हायचा तो झालाच. पण त्या सभेतल्या बाकीच्यांची नावं आज कोणाला आठवतात? आपल्याकडे 'सर्वानुमते मंजूर' या शब्दांचं फार कौतुक आहे. मला मात्र सगळेच ठराव सर्वानुमते करणाऱ्या सभागृहाची काळजी वाटते. एक तर तिथे कोणी वाचत नाही, नाही तर वाटून घेतलेलं असतं.

ठराव मंजूर झाला. पुढे? समजा तुमच्या प्रभागात गटार बांधायचं आहे. बांधकाम विभाग अंदाजपत्रक करतो. त्याला तांत्रिक मंजुरी लागते, म्हणजे मापं आणि दर बरोबर आहेत असं सक्षम अभियंत्याने सांगायचं. मग प्रशासकीय मंजुरी, म्हणजे पैसे कुठल्या शीर्षातून येणार ते ठरायचं. मग निविदा; मोठ्या कामांच्या निविदा राज्याच्या महाटेंडर्स या संकेतस्थळावर निघतात. मग कमी दराची निविदा स्वीकारणं, करारनामा, कार्यादेश. गावात सगळे त्याला वर्क ऑर्डर म्हणतात. त्यात काम किती महिन्यांत संपवायचं ते लिहिलेलं असतं. काम चालू असताना अभियंत्याने मापं घेऊन मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, नोंदवायची. त्या नोंदीवर बिल. आणि शेवटी दोषदायित्व कालावधी: काम संपल्यावर ठरलेल्या मुदतीत काही बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं.

ही साखळी पाठ कर. गटार रखडलं की लोक 'पालिका झोपली आहे का?' असं विचारतात. या प्रश्नाला उत्तर नसतं, म्हणून तो विचारलेला पालिकेला चालतो. 'कार्यादेश कोणत्या तारखेचा आहे?' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं. पहिल्याच पावसात रस्त्याची खडी वर आली तर 'निकृष्ट काम' अशी ओरड करून पुन्हा नवं टेंडर निघेपर्यंत थांबू नकोस. दोषदायित्वाची मुदत संपली का, एवढं विचार. संपली नसेल तर एक पैसा न देता तो रस्ता दुरुस्त झाला पाहिजे. आणि एकाच रस्त्याची लागोपाठ तीनचार छोटी कामं निघालेली दिसली तर सगळे आकडे एकत्र मांडून बघ. मोठ्या कामाला लागणारी खुली निविदा टाळण्यासाठी कामाचे तुकडे पाडणं ही फार जुनी युक्ती आहे.

एका कामाच्या तीन बातम्या होतात हेही ध्यानात ठेव. एक मंजुरीची, एक भूमिपूजनाची, एक लोकार्पणाची. तिन्हींत फोटो असतात. लोकार्पणानंतर सहा महिन्यांनी नळाला पाणी किती वेळ येतं, याची चौथी बातमी कोणी देत नाही. ती तुम्हीच द्यायची.

आता पैशाकडे ये, कारण मुळं तिथे आहेत. पूर्वी जकात हे पालिकेचं स्वतःचं उत्पन्न होतं. नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची. १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली. नाक्यांवरचा त्रास आणि भ्रष्टाचार गेला, ते बरंच झालं. बदल्यात शासनाकडून सहायक अनुदान येऊ लागलं. पण त्याबरोबर पालिकेची मान वर वळली. आज छोट्या शहराच्या अर्थसंकल्पात घरपट्टी आणि पाणीपट्टीचा वाटा लहान, आणि वित्त आयोग, नगरोत्थान, अमृत अशा योजनांचा मोठा. योजनेचा पैसा शीर्ष ठरवूनच येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधलेला होता. तो बागेला लावता येत नाही. कधी उलटंही होतं. गावाला हवी असते जुन्या जलवाहिनीची दुरुस्ती, पण योजना असते सुशोभीकरणाची. मग सुशोभीकरण होतं. बांधायला पैसा मिळतो, सांभाळायला मिळत नाही. देखभाल स्वतःच्या उत्पन्नातून करायची असते, आणि ते उत्पन्न म्हणजे तुझ्या बाबांनी भरलेली, किंवा थकवलेली, घरपट्टी.

घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हायची असते. कोणत्याही सभागृहाला हा विषय नको असतो. त्यामुळे ती रेंगाळते, आणि झाली की एकदम मोठा आकडा अंगावर येतो. मग मोर्चा, मग स्थगिती. तुमच्या घरी विशेष नोटीस आली तर घाबरू नका आणि ती टाकूनही देऊ नका. मुदतीत लेखी हरकत घ्या. क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि वर्ष, हे चार तपशील बरोबर आहेत का ते आधी बघा. बरेचसे वाद तिथेच सुटतात. पण आकारणी बरोबर असेल तर कर भरा. स्वतःच्या उत्पन्नावर उभी असलेली पालिका वरच्या योजनेला 'हे आम्हाला नको, ते हवं' असं म्हणू शकते. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास अर्थसंकल्पाची सभा होते. तो कागद मिळवून देखभाल-दुरुस्तीच्या शीर्षात गेल्या वर्षी किती तरतूद होती आणि खरोखर किती खर्च झाली, एवढ्या दोनच रकान्यांची तुलना कर. शहराची प्रकृती कळेल.

काही निर्णय तर ठराव न करताच होतात, आणि ते सगळ्यात महाग पडतात. शहराची विकास योजना असते. तिच्या नकाशावर शाळा, मैदान, बाजार, रस्ता यांसाठी जागा आरक्षित ठेवलेल्या असतात. नगररचना कायदा १९६६ चा. त्याचं कलम १२७ असं की योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने ती जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत पालिकेने ताबा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत की आरक्षण आपोआप रद्द होतं. मालकाची बाजूही खरी आहे. त्याची जमीन नुसती अडकवून ठेवणं अन्याय आहे. पण नोटीस आली, फायलीत लागली, कोणी विषय सभेपुढे आणला नाही, मुदत टळली आणि मैदानाच्या जागी इमारत उभी राहिली, अशा गोष्टी गावोगाव ऐकायला मिळतात. विरोधात कोणी मतच दिलेलं नसतं, त्यामुळे दोषही कोणाचा नसतो. आपल्या शहरातल्या मैदानांची आरक्षणं कोणती, त्यांची दहा वर्षं कधी संपतात, ही यादी तुमच्या वयाच्या मुलांनी करावी. खेळायची जागा तुमची आहे.

पूररेषेचंही तसंच. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेली, तेव्हापासून कोकणातल्या चहाच्या टपरीवरही या रेषांची चर्चा असते. रेषा नकाशावर आली की जमिनीच्या किमती पडतात, म्हणून ती पुसट व्हावी असा दबाव असतो. नकाशावर रेषा कुठे सरकवली याच्याशी नदीला देणंघेणं नसतं. विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत पालिकेच्या भिंतीवर लावलेला नकाशा बघायला जाणारे बहुतेक जमीनमालक किंवा त्यांचे वास्तुविशारद असतात. भाड्याने राहणारा माणूस तिकडे फिरकत नाही, आणि पुराचं पाणी त्याच्या खोलीत आधी शिरतं.

महाडचं नाव निघालंच आहे, तर ठरावाविषयीची सगळ्यात मोठी गोष्ट त्याच गावची. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने त्याला धरून चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. सुरबानाना टिपणीसांसारखी माणसं त्यामागे होती. ठराव कायदेशीर होता, कागदावर बिनतोड होता. तरी तीन वर्षं कोणी अस्पृश्य माणूस त्या तळ्याचं पाणी पिऊ शकला नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाची पहिल्यांदा अंमलबजावणी झाली. त्यांच्यावर हल्ला झाला, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पालिकेने आपला ठराव मागे घेतला. पुढे दावा चालला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट अनादी आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला.

यातून मी दोन गोष्टी घेतो. एक, ठरावाला अंमल देणारी माणसं सभागृहाबाहेरही लागतात. दुसरी, लोकांनी अंमल मागितला की सभागृह कचरतं आणि दिलेला शब्द मागे घेऊ शकतं. म्हणून मंजूर झालेल्या ठरावावरही नजर ठेवावी लागते. आपल्या गटाराची आणि महाडच्या तळ्याची बरोबरी मी करत नाही. तिथे माणूस म्हणून जगण्याचा प्रश्न होता. पण कागद आणि जमीन यांच्यातलं अंतर कापायला कोणाला तरी चालावं लागतं, हे लहान कामालाही लागू आहे.

तू काय करावंस? महाराष्ट्रात २०१८ च्या शासन निर्णयानुसार नागरिकांना दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कार्यालयातली कागदपत्रं पाहायला मिळायला हवीत. कॉलेज संपवून जा. ठरावबुक माग. कोणी 'साहेब नाहीत' म्हणालं तर उद्धटपणा करू नकोस. तिथला लिपिक बहुधा तीन टेबलांचं काम एकटा करत असतो. नाहीच दाखवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज दे. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. अर्जात 'सर्व माहिती द्या' असं लिहिलंस तर काहीच मिळणार नाही. ठराव क्रमांक, कामाचं नाव, वर्ष लिही आणि कार्यादेश व एमबीची प्रत माग. ठरावच बेकायदा वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण हे हत्यार उठसूट काढायचं नाही. प्रत्येक ठरावाला स्थगिती मागणारा माणूस शहराची कामं अडवतो आणि खऱ्या तक्रारीचं वजनही घालवतो.

नगरसेविका तुमच्या प्रभागातून पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत असं तू लिहिलंस. पन्नास टक्के जागा २०११ पासून महिलांना आहेत, तरी बऱ्याच गावांत सभेला 'पती' बोलतात. तू त्यांनाच भेट, त्यांच्याशीच बोल आणि विषयपत्रिका त्यांच्याकडूनच माग. नव्या सदस्याला अभ्यास करून आलेला नागरिक भेटला तर त्या सदस्याचंही बळ वाढतं.

सगळ्या शहराचं ओझं घेऊ नकोस, दमशील. तुमच्या प्रभागातलं एक काम निवड आणि बिल निघेपर्यंत त्याचा पिच्छा पुरव. पुढच्या पत्रात मला ठराव क्रमांक, कार्यादेशाची तारीख आणि काम संपवायची मुदत कळव. पालिकेबद्दलचं तुझं मत त्यानंतर लिही, तोवर ते थोडं बदललेलं असेल.

तब्येतीस जप.

तुझे
आबा